वीतभर कोरी जागा

६ ऑक्टोबर, सोमवार

रातभर झोप न्हाई. पत्र्याकडं बघत बसले. काल दुपारी सव्वाचारला खडी क्रशरच्या खाणीत सुरुंग उडाला आन एक दगड आमचा पत्रा फोडून आत आला. परी जिथं झोपती तिथंच, उशीला लागून पडला. परी मोरीवर हात धुवायला गेलती म्हणून. बाबू माझ्या कडेवर व्हता म्हणून. आता पत्र्याला भोक हाय, त्यातून आभाळ दिसतं. दोगांना मांडीवर घेऊन भितीला टेकून बसले ते उजाडंपर्यंत.

परीचे पप्पा म्हणले, गोणपाट टाकतो वर. म्हणलं, गोणपाटानं दगड थांबतो का.

ही वही परीला गिरवायला आणलती. आता मीच लिव्हते. आठवीनंतर पहिल्यांदाच.

७ ऑक्टो.

सु. दोन येळा. साडेअकरा, साडेचार. (सु. म्हंजी सुरुंग. दर बारीला पुरं लिव्हत न्हाई.) साडेअकराला अंगणवाडीत सतरा लेकरं असत्यात. ताई म्हणली, "आवाज आला की आमी समदे टेबलाखाली. लेकरांना खेळ वाटतो."

अंगणवाडीत टेबल एकच हाय.

९ ऑक्टो.

आप्पाकडं गेले. आपल्याच वस्तीत, विहाराच्या मागं घर. आप्पा तीस वर्सं तहसीलच्या झाडाखाली बसून लोकांचे आर्ज लिव्हायचे. आता मोतीबिंदू, समदं धुरकट दिसतं म्हणत्यात. जयभीम केला, म्हणलं आप्पा, आर्ज करायचा.

"कशाचा?"

क्रशरचा. आन पाणी चौथ्या दिवशी येतं त्याचा. दिव्याचा. राशनवाला कमी देतो त्याचा. आन विहाराच्या मागं पिऊन बसत्यात त्यांचा.

आप्पा हासले. "आर्ज हाय का पंगत? साहेब एक घास खाईल आन हात धुवून उठंल. एक इशय आण."

"समदेच खरे हायेत की."

"खरे असू दे. तुला झोप कशानं येत न्हाई? तेवढाच घेऊन ये."

घरी आले. पत्र्याचं भोक बघितलं. ईचार करायला लई येळ लागला न्हाई. पण पाणी सोडून द्यायचं जिवावर आलं. पाण्याचं बी कोणतरी लिव्हायला पाह्यजे.

११ ऑक्टो.

सु. एक. बारा वाजून दहा.

पहिला आर्ज लिव्हून नेला, दोन पानं. आप्पा म्हणले मोठ्यानं वाच. वाचलं. क्रशरवाला चोर हाय, सरपंचबाईचा नवरा नाना त्याचा कुत्रा हाय, गरीबाच्या लेकराची कुणाला किंमत न्हाई...

आप्पा म्हणले, "कुत्रा खोड. कुत्र्यानं तुझं काय केलंय?"

खोडला.

"चोर बी खोड. चोरी तुला दावता येती का? न्हाई ना. दगड दावता येतो. मंग दगड लिव्ह."

माझ्या डोळ्यात पाणी आलं. म्हणलं, आप्पा, त्यो दगड माझ्या लेकराच्या उशीला पडलाय आन मी त्यांना महोदय म्हणू का?

म्हणले, "महोदय म्हण, विनंती म्हण, आपली विश्वासू म्हण. शिवी दिली की साहेब शिवीचाच ईचार करतो. दगडाचा करत न्हाई."

दोन पानाचं अर्धं पान राह्यलं. लई बारीक दिसायलं. आप्पाची बायको, आमी काकू म्हणतो, ती म्हणली हे असंच करत्यात, माझ्या बोलण्याचं बी अर्धंच ऐकत्यात.

१३ ऑक्टो.

दगड किराणाच्या काट्यावर टाकला. साडेतीनशे ग्राम. दुकानदार म्हणला, "काय बनवायचं, भाजी?" बायका हासल्या. मी बी हासले. काय करणार.

सुरुंगानं घराच्या भितीला चीर गेलीय, तिच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारली, बाजूला तारीख घातली. रेघेच्या पुढं गेली की कळंल.

१४ ऑक्टो.

कविता आन मी खाणीपासून अंगणवाडीपर्यंत माप घेतलं. कविता शेजारचीच, माझ्याबरोबरच लग्न होऊन आली ह्या गावात. माप कशानं घ्यायचं, तर साडीनं. एक टोक ती धरायची, एक मी. साडी सदोतीस येळा. क्रशरचा वाचमन आला, "काय चाललंय बे हितं?" कविता म्हणली, "साडी वाळवायलोत. तुमच्या धुळीनं आंगणात वाळत न्हाई." त्यो गेला. आमी बाभळीखाली बसून पोट दुखंपर्यंत हासलो.

आप्पाला सांगितलं. आप्पाला हासू आलं न्हाई. "साडीचं माप लिव्हलं तर साहेब आर्ज घरी नेऊन बायकोला दाखवंल. गवंड्याचा टेप माग."

१६ ऑक्टो.

टेपनं मोजलं. दोनशे चार मीटर. साडी बी लई चुकली नव्हती.

सु. दोन.

१८ ऑक्टो.

आज आप्पाबरोबर भांडण झालं. म्हणले, "आता त्यांची बाजू लिव्ह."

"कुणाची?"

"क्रशरची. गावातली बावीस माणसं तिथं कामाला हायेत. कविताचा दीर बी हाय. तू लिव्हलं न्हाई तर नाना पयलं तेच म्हणंल, की ही बाई बावीस चुली इझवायलीय. तू आदीच लिव्ह. मंग त्याला म्हणायला काय ऱ्हाईल?"

मला पटंना. पण कविताच्या दिराची लेकरं डोळ्यापुढं आली. लिव्हलं. आप्पानं शब्द सांगितले, मी घातले :

"गावातील बावीस घरांची चूल खडी केंद्रावर चालते हे आम्हाला मान्य आहे व कोणाचा रोजगार जावा अशी आमची इच्छा नाही."

खाली मागणी. एकच. अंगणवाडी सुटल्यावर, दुपारी दोननंतर सुरुंग घ्यावा, आन गावाच्या अंगाची कड सोडून पल्याडच्या अंगाला घ्यावा. बंद करा म्हणलं न्हाई. आप्पा म्हणले, जे देणं साहेबाच्या हातात हाय तेवढंच मागायचं.

परत वाचलं तर खरंच कुणीतरी शिकलेल्या बाईनं लिव्हल्यासारखं वाटलं. तीन बार वाचलं.

२३ ऑक्टो.

आप्पाला आंबेजोगाईला नेलं, डोळ्याच्या आपरेशनला. आठ-धा दिवस लागतील. जाताना म्हणले आर्ज पक्का मीच सांगंल, घाई करू नको.

पण टोळ्या रविवारी निघायल्यात. गावातल्या निम्म्या बायका ऊसतोडीला जात्यात, त्या मार्च-एप्रिलला येणार. सह्या कुणाच्या घ्यायच्या मंग?

२४ ऑक्टो., शुक्रवार

आज घरोघर फिरले. तीन कागद. सह्या एकोणीस, आंगठे चोवीस. त्रेचाळीस बायका. आर्ज अजून पक्का न्हाई म्हणून पयल्या कागदावर वर वीतभर जागा सोडली, आप्पा आले की त्यात चांगल्या अक्षरात लिव्हायचा. आप्पा बी तसंच करायचे, लोकांना यष्टी धरायची असायची म्हणून आंगठा आदी, लिव्हणं मागून. मी लहानपणी माझ्या बापाबरोबर गेलते तवा पाह्यलंय.

पयली सही माझीच.

कविताला सही येती पण तिनं आंगठा दिला. म्हणली, "सही कुणी बी मारंल. आंगठा माझाच." सगळ्या भांडी बांधायच्या गडबडीत. एक म्हातारी म्हणली, "काय लिव्हणार हायेस गं वर?" म्हणलं, दगडाचं. म्हणली, "बरं, चांगलं लिव्ह."

२६ ऑक्टो., रविवार

टोळी गेली. दोन ट्रक, भांडी, कोंबड्या, लेकरं. परीचे पप्पा बी गेले. मी औंदा गेले न्हाई, बाबू नऊ म्हैन्याचा हाय आन परीचा खोकला हटत न्हाई. ते आर्धा कोयता म्हणून गेले. जोडी असली की पुरा कोयता, एकटा गेला की आर्धा. ट्रकात बसताना म्हणले, "आर्जाचं बघ, पण जपून." वस्तीत आता म्हातारी माणसं, मी, आन कुत्री.

सु. एक. ट्रक गावाबाहेर पडले न पडले तवाच.

२९ ऑक्टो.

नानानं ग्रामपंचायतीत बोलावलं. सरपंच त्यांची बायको हाय पण खुर्चीत तेच बसत्यात. वाटलं दम देतील. चहा मागवला.

"पोरी, आर्ज करायलीस म्हणं. वाचून दाखव."

मी वाचला. ते डोळे मिटून ऐकायले. शेवटाला म्हणले, "चांगला हाय की. कुणाचं वाईट बोलली न्हाईस. असंच पाह्यजे. मी बी क्रशरवाल्याला म्हणतच व्हतो." मंग म्हणले सह्या कुटं हायेत. दाखवल्या. "आगं, हे कोरंच हाय. तुझ्या अक्षरात देणार का कलेक्टरला? आण, आपल्या आपरेटरकडून टाईप करून घेतो ह्याच कागदावर. ग्रामपंचायतीचं पत्र बी जोडतो. वजन येतं."

दिले. आर्जाचं कच्चं पान बी दिलं, त्यावरून टाईप करायला.

घरी येताना बरं वाटत व्हतं. परीला म्हणलं, मम्मीचा आर्ज टाईप व्हणार.

३ नोव्हें.

सु. दोन. ईचारायला गेले. आपरेटर म्हणला लाईट न्हाई.

७ नोव्हें.

नाना गावात न्हाईत म्हणं. चीर रेघेच्या पुढं गेलीय, बोटभर.

१० नोव्हें.

सु. तीन. पयल्यांदाच तीन. आप्पाचं आपरेशन दुसऱ्या डोळ्याचं बी करायचं ठरलं, अजून आले न्हाईत.

१४ नोव्हें., शुक्रवार

लिव्हू का नको.

ताई खिचडी वाढत व्हती. मला कडंला घेऊन म्हणली, "शीतल, तू असं कावून केलंस?"

"काय केलं?"

"क्रशरच्या कागदावर तुझी सही पयली हाय."

पळत ग्रामपंचायतीत गेले. नाना नव्हते. आपरेटरनं फाईल दाखवली. तीच तीन पानं. माझी सही. कविताचा आंगठा. वरच्या वीतभर जागेत टाईप केलेलं :

"आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला, दि. ४ नोव्हेंबर रोजीच्या महिला ग्रामसभेत हजर राहून लिहून देतो की, गावातील बावीस घरांची चूल खडी केंद्रावर चालते हे आम्हाला मान्य आहे. सुरुंगाचा कसलाही त्रास नाही. केंद्र वाढविण्यास आमची हरकत नाही."

बावीस घरांची चूल. ते माझं वाक्य हाय. आप्पानं सांगितलेलं, मी लिव्हलेलं. तेवढंच ठिवलं, बाकीचं काढलं.

आपरेटरला म्हणलं, फोटू काढू का. म्हणला, "मी थुंकून येतो." तेवढ्यात काढला.

घरी आले. भाकरी केली न्हाई. परीनं बिस्कीट खाल्लं. बायका परत आल्यावर काय सांगू? त्रेचाळीस घरं. मी ईकलं म्हणतील.

१५ नोव्हें.

कविताला फोन लावला. ऊस तोडत व्हती, मागं कोयत्याचा आवाज. सांगितलं समदं. ती म्हणली, "माझा आंगठा मी तुला दिलता. तू त्याला कावून दिलास?"

ठिवला फोन.

१७ नोव्हें.

आप्पा आले. काळा चश्मा. मी कागद मोबाईलवर वाचून दाखवला. आप्पा म्हणले, "वर जागा कावून सोडलीस?"

"तुमी सोडायचा तशी."

आप्पा उठून भाईर गेले. काकू म्हणली, जाऊ दे, येतील. आले तर तोंड धुवून आले व्हते, चश्मा हातात. म्हणले, "तीस वर्सं मी कोऱ्या कागदावर आंगठे घेतले, पोरी. पोतंभर. त्यातला एक बी नानासारख्याच्या हाती लागला न्हाई ते काय माझ्या हुशारीनं न्हाई." डोळ्याला पाणी लावायचं नव्हतं त्यांनी. डाक्टरनं सांगितलं व्हतं.

मंग म्हणले, वही आण. तारखा वाच.

वाचल्या. २६ ऑक्टोबर, टोळी गेली. थांब म्हणले. परत वाच. कागदावर तारीख कोणती?

चार नोव्हेंबर.

"चार नोव्हेंबरला ह्या बायका कुटं व्हत्या?"

मी नावं मोजली. त्रेचाळीसपैकी एकतीस बायका ऊसात व्हत्या, तीनशे किलोमीटरवर. ग्रामसभेत कशा बसतील?

१८ नोव्हें.

नवा आर्ज. इशय एकच : तारीख.

म्हणलं नानानं फसवलं असं लिव्हते. आप्पा म्हणले, न्हाई. "चार तारखेला गावात नसलेल्या महिलांच्या सह्या त्या दिवशीच्या सभेत कशा, याची चौकशी व्हावी. एवढंच. कुणी केलं ते साहेबाला शोधू दे. तू नाव घेतलंस की तुझ्यावरच केस करतील."

मंग मी म्हणलं, एक ओळ माझी घालायची. कोऱ्या कागदावर सह्या मी स्वतः घेतल्या व ते कागद मी स्वतः दिले, ही माझी चूक आहे.

आप्पा म्हणले, "आपल्याच इरोधात कोण लिव्हतं का?"

म्हणलं, तुमीच म्हणलात ना, समोरचा म्हणणार ते आदी आपण लिव्हायचं.

काकू आतून म्हणली, "घ्या आता."

बावीस घरांचं वाक्य बी ठिवलं. मला काढायचं व्हतं. आप्पा म्हणले, चोरलं म्हणून खोटं झालं का. कविताच्या दिराच्या घरी चूल पेटतीच की त्याच्यावर. राहू दे.

१९ नोव्हें.

ताईकडं गेले. लेकरं कोणत्या तारखेला गाव सोडून गेली ते तिच्या रजिस्टरात हाय. झेरॉक्स मागितली. न्हाई म्हणली. "माझी नोकरी हाय गं. नाना सही करत्यात माझ्या कागदावर." मी उठले तशी म्हणली, "माझ्याकडं मागू नको. आर्जात लिव्ह की अंगणवाडीचं रजिस्टर मागवून बघावं. साहेबानं मागितलं तर मला न्हाई म्हणता येत न्हाई."

लिव्हलं.

२१ नोव्हें.

परीच्या पप्पाचा फोन. रविवार नसताना. "मुकादमानं ईचारलं, तुझी बायको गावात काय करायलीय. बंद कर तुझी वकिली." म्हणलं, तुमाला कुणी सांगितलं? म्हणले, "हितंपर्यंत कळलं, तवा तूच समज." मंग आवाज बारीक करून ईचारलं, परी झोपती कुटं आता? म्हणलं, दाराजवळ, पत्र्याखाली न्हाई. बरं म्हणले.

२२ नोव्हें.

पांढरी गाडी आली वस्तीत. मी नळावर व्हते. आले तर परीच्या हातात क्रीमच्या बिस्किटाचा पुडा.

"कुणी दिला?"

"गाडीतल्या काकानं. माझं नाव म्हायती हाय त्याला. म्हणला, मम्मी काय लिव्हती रोज? मी म्हणलं आर्ज."

पुडा चुलीत टाकला. परी लई रडली. तिला काय सांगू. संध्याकाळपर्यंत बोलली न्हाई माझ्याशी.

२४ नोव्हें.

कविताचा मेसेज. शब्द एक न्हाई, फोटू फक्त. तिच्या लेकराचं लसीचं कार्ड. तिकडच्या सरकारी दवाखान्याचा शिक्का, तारीख ४ नोव्हेंबर. त्या दिवशी ती तिकडं लेकराला सुई द्यायला रांगेत उभी व्हती.

मी फोन छातीला लावून बसले.

थोड्या येळानं दुसरा मेसेज. "आता हे मधल्या कुणाला देऊ नको. साहेबाला तुझ्या हातानं दे."

२५ नोव्हें.

बाबूला घेऊन घाटनांदूरला गेले. फोटू कागदावर काढले. कार्ड, ना हरकतीचं पान, चीर, पत्र्याचं भोक, काट्यावरचा दगड. आप्पा म्हणलते तीन संच कर, तर तीन केले. आर्ज माझ्याच अक्षरात, तीन बारी लिव्हला. बोटं दुखायली. एक संच आप्पाकडं, एक माझ्याजवळ, एक पिठाच्या डब्यात खाली, पिशवीत घालून.

परत येताना फाट्यावर नाना भेटले, फटफटीवर. थांबले. "काय वकीलीणबाई. कुठलं कोर्ट?" मी मान खाली घातली. म्हणले, "तुझ्या भल्याचं सांगतो. बायका आल्या की तुला धरतील, मला न्हाई. पयलं नाव तुझं हाय." आन बाबूच्या गालाला हात लावला.

घरी येऊन बाबूचं तोंड दोन बार धुतलं.

२७ नोव्हें.

फोन गेला. दारातल्या फळीवर ठिवलता, नळावर जाऊन आले तर न्हाई. वस्तीत कुणी बघितलं न्हाई. बघितलं असलं तरी न्हाईच म्हणतील, त्यांचं बी बरोबर हाय.

झेरॉक्स हाय म्हणून बरं. कागद परत परत हात लावून बघते.

२८ नोव्हें.

सु. दोन. साडेअकराचा व्हता तवा परी अंगणवाडीत. घरी आली तर म्हणली, "मी टेबलाखाली गेले न्हाई, जागा नव्हती. मी भितीला बसले."

२९ नोव्हें., शनिवार

आप्पा म्हणले आंबेजोगाईला देऊ नको, तिथं नानाची उठबस हाय. बीडला कलेक्टर हापिसात सोमवारी दे. "आन पोच घे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख. पोच न्हाई तर आर्ज न्हाई. कोण काय म्हणलं तरी शिक्का घेतल्याबिगर खिडकी सोडायची न्हाई."

मी म्हणलं आप्पा, भ्या वाटतं. म्हणले, "मला बी. मी तीस वर्सं लोकांचे आर्ज लिव्हले, स्वतःचा एक केला न्हाई."

दादाला कळवायचं व्हतं. माझा भाऊ, बीडजवळ पालीला राहतो, गॅरेजला कामाला. त्यो बरोबर आला तर. किराणाच्या फोनवरून लावला. उचलला न्हाई. परत लावू का म्हणलं तर दुकानदार म्हणला, "बाई, मला ह्यात घेऊ नको." खाली बघून म्हणला. वाईट न्हाई त्यो.

३० नोव्हें., रविवार

दुपार. परी झोपलीय दारात.

आर्ज परत वाचला. शेवटची ओळ : "चौकशी होईपर्यंत अंगणवाडीच्या वेळेत सुरुंग घेऊ नये ही नम्र विनंती." खाली आपली विश्वासू. नाव लिव्हलं, तिन्ही प्रतींवर सही केली, आप्पाकडली बी आणली पोच घ्यायला. ह्या बारीला वर जागा सोडली न्हाई. कडंला बी न्हाई. जिथं जागा उरली तिथं आडवी रेघ मारली.

सकाळी पांढरी गाडी परत आलती. उतरलं कुणी न्हाई. लई येळ उभी व्हती, मंग फाट्याकडं गेली. बीडची यष्टी फाट्यावरनंच धरावी लागती.

बाबूला बरोबर नेणार, अंगावर पितो. परी काकूजवळ. काकूनं उद्या सकाळीच तिला आंघोळ घालून अंगणवाडीत सोडायचं ठरलंय. ही वही परीच्या दप्तरात घालते, खाली, डब्याखाली. ताई डबा काढायला दप्तर उघडतीच. आप्पाला वाचता येत न्हाई अजून, काकूला येतच न्हाई.

दगड बी न्यावा का? बाबू बी कडेवर असंल. नेते. साहेबाच्या टेबलावर ठिवायचा न्हाई, आप्पा म्हणले, ईचारलं तरच काढायचा.

संध्याकाळी साडेसहाला यष्टी परत येती फाट्यावर. मी त्यात असंल.

नसले तर, ताई, न्हाईतर जे कोण हे वाचत असंल, माझ्या दादाला फोन करा. नंबर ह्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतून लिव्हलाय, नाव बी हाय. त्याला सांगा, परी काकूजवळ हाय, पयलं तिला घेऊन जा. कागद पिठाच्या डब्यात हायेत, ते मागाहून ने. नानाकडं जाऊ नको म्हणावं, भांडू नको, शिक्का मारून घे. आन एकदा लावून सोडू नका. दादा अनोळखी नंबर उचलत न्हाई. लगेच दुसऱ्यांदा लावला की उचलतो.